फोरमनला मेलेलं कुणी पाहिलं?

१

ड्रममध्ये शिरायच्या आधी आपलं कुलूप लावायचं. बास. आमच्या धंद्यात एवढी एक गोष्ट नीट केली की माणूस संध्याकाळी घरी जातो.

धंदा म्हणजे धुलाईचा कारखाना. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, टेबलावरचे नॅपकिन, सगळं आमच्याकडे गाठोड्यांनी येतं आणि इस्त्री होऊन परत जातं. चार ड्रम आहेत. एवढे मोठे की माणूस ओणवा होऊन आत जाईल, आणि जावंच लागतं. आतल्या जाळीवर कपड्यांची लव आणि पाण्याचा पांढरा थर साचतो, तो आठवड्यातून एकदा खरवडायचा असतो. प्रत्येक ड्रमचा मेन स्विच खांबाच्या मागे आहे, ड्रमपासून दहा पावलांवर. स्विचचा दांडा खाली ओढायचा, त्याच्या भोकात कुलूप अडकवायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मग आत शिरायचं. कुलूप आहे तोवर दांडा वर जात नाही, दांडा खाली आहे तोवर ड्रम फिरत नाही. भोकात एकच कुलूप मावतं. ज्याचं अंग आत, त्याचं कुलूप.

मंगळवारी मी एक नंबरमधून बाहेर आले. केसांत लव, गुडघे कामातून गेलेले, डोकं आधीच फिरलेलं. खांबामागे गेले तर दांडा मोकळा. कुलूप नाही. खिशात हात घातला, किल्ली होती.

कुलूप घड्यांच्या टेबलावर होतं. उघडं. त्याच्याखाली एक पांढरा नॅपकिन, चार घड्या घालून, कडेला कड जुळवून ठेवलेला.

मी जी ओरडले ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली असेल. "कुणाचा हा चावटपणा? समोर या! मी आत होते, कळतंय का? आत होते मी!"

कुणी पुढे आलं नाही. इस्त्रीवाल्या मावशी रोलरपाशी उभ्या होत्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि हातातली चादर छातीशी धरली.

"ताई," त्या म्हणाल्या, "हे फोरमनचं काम."

"फोरमन मेला, मावशी. तीन आठवडे झाले."

"ते मला माहितीये. तरी हे त्याचंच काम."

मला राग याचा आला की मीही तेच म्हणणार होते.

२

फोरमनबद्दल मला शांतपणे बोलता येत नाही. अकरा वर्षं तो आमच्या डोक्यावर बसला होता. स्वच्छ माणूस, अगदी नखंसुद्धा रोज कापायचा. "उशीर केलात" हे त्याचं एकच वाक्य. पाच मिनिटं आधी आलं तरी उशीर केलात. आमच्या सगळ्यांच्या कुलपांच्या किल्ल्या त्याने गुपचूप बनवून घेतल्या होत्या. सफाईला जास्त वेळ लागतोय असं वाटलं की हा कुलूप काढायचा, नॅपकिनची घडी करायचा, कुलूप त्यावर ठेवायचा आणि दांड्यापाशी उभा राहायचा. आतला माणूस बाहेर पडला की नाही हे तो कानाने ठरवायचा. म्हणे त्याला आवाजावरून कळतं.

दोन वर्षांपूर्वी तीन नंबरमध्ये माझा धाकटा भाऊ होता. त्या दिवशी फोरमनला आवाजावरून कळलं नाही.

पुढचं दीड वर्ष मी फक्त भांडले. चौकशी, साक्षी, अर्ज, तारखा. माझ्या नाकी नऊ आले, पण शेवटी त्याला काढला. नंतर त्याचं यकृत गेलं आणि एके दिवशी मॅनेजरांनी येऊन सांगितलं की फोरमन वारले. आम्ही मशिनं बंद ठेवून चहा प्यायलो. मावशी हसल्या. बॉयलरवाल्यांनी एका जुन्या सिनेमातलं गाणं शिट्टीवर वाजवलं. आणि आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली की त्याला पोचवायला कुणी म्हणजे कुणी जायचं नाही. बेवारशासारखा जाऊ दे.

ती शपथ माझी कल्पना होती. किती हुशार वाटलं होतं तेव्हा!

आता मंगळवारी दुपारी मी एकेकाला गाठून विचारत होते, "फोरमनला मेलेलं कुणी पाहिलं?"

मावशी म्हणाल्या, "मी कशाला पाहीन? बॉयलरवाल्यांनी पाहिलं असेल, त्यांचं घर त्या हॉस्पिटलाजवळ आहे."

बॉयलरवाले म्हणाले, "घर जवळ आहे म्हणून काय मी मढी बघत फिरतो? मला मावशींनी सांगितलं."

"मावशींना कुणी सांगितलं?"

"मॅनेजर साहेबांनी."

मॅनेजर आपल्या काचेच्या खोलीत बसले होते. त्यांनी कानावर हात ठेवले. "मला फोन आला होता. हॉस्पिटलातून की घरून, ते आता आठवत नाही. मी हार पाठवला ड्रायव्हरच्या हातून. माणुसकी म्हणून. त्याने पाहिलं असेल."

एक माणूस मेला, सतरा जण सांगतात, आणि पाहिलेला एकही नाही. हे असं काम चालतं आमच्याकडे.

३

तुम्ही म्हणाल, कुणीतरी चेष्टा केली असेल, एवढं काय मनावर घ्यायचं. मीही स्वतःला तेच सांगितलं. कुलूप जुनं होतं, नीट बसलं नसेल, कुणीतरी खाली पडलेलं उचलून टेबलावर ठेवलं असेल. नॅपकिन तर आमच्याकडे हजारांनी पडलेले असतात. सगळं जुळत होतं. फक्त ते कुलूप मी स्वतः दोनदा ओढून बघितलं होतं.

आणि शुक्रवारी तीन नंबरची सफाई होती. तीन नंबरमध्ये माझी लेक जाते.

मामाच्या जागेवर ती हट्टाने लागली. मी नको नको म्हणत होते. "मामा ज्यात गेला ते मशीन मीच स्वच्छ ठेवणार," म्हणाली. बावीस वर्षांची आहे, अंगाने काटकुळी. तीन नंबरचं तोंड सगळ्यांत लहान, माझे खांदे त्यात अडकतात. नाहीतर मीच गेले असते.

मॅनेजरांना म्हटलं, सफाई पुढे ढकला. ते म्हणाले, "सोमवारी हॉस्पिटलची तपासणी आहे. कारण काय लिहू? मेलेल्या फोरमनची हरकत?"

मग ड्रायव्हरला गाठलं. हा नवीन माणूस, चार महिने झालेत येऊन. फोरमनला त्याने कधी पाहिलेलं नाही. सारखी काहीतरी मदत करायची हौस. गाडी लावली की गाठोडी उचल, पाणी आण, हे धर, ते पुस. तो गाडीची काच पुसत होता.

"हार ना? दिला की," तो म्हणाला. "हॉस्पिटलच्या मागच्या दारापाशी एक गृहस्थ उभे होते. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, द्या इकडे, मी घेतो."

"कोण गृहस्थ?"

"आता मला काय माहीत? घरचे असतील. स्वच्छ, इस्त्रीचे कपडे. जरा रागावलेलेच होते माझ्यावर."

"का?"

"म्हणाले, उशीर केलात."

उशीर केलात हे कुणीही म्हणू शकतं. मीसुद्धा दिवसातून दहा वेळा म्हणते.

४

बुधवारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि हॉस्पिटलात गेले. बॉयलरवाले बरोबर आले. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर खिडकीतल्या कारकुनाने एक फॉर्म सरकवला. त्यात रकाना होता, मृताशी नातं.

मी लिहिलं, वैरी.

कारकुनाने चष्मा वर केला. "हे चालत नाही, बाई."

"का नाही चालत? खरं आहे ते."

"नातेवाईकांनाच माहिती देता येते."

"अहो, अकरा वर्षं मी नवऱ्याचं तोंड पाहिलं नसेल एवढं त्याचं पाहिलंय. मला फक्त तो मेला का ते सांगा. हो की नाही. एका शब्दाचं काम आहे."

"मग सहकारी लिहा."

"सहकारी? जीभ झडेल माझी!"

"ताई, लिहायचंय, बोलायचं नाहीये," बॉयलरवाले मागून म्हणाले. शेवटी त्यांनीच लिहिलं. मी त्यांच्यावरच डाफरले, नंतर वाईट वाटलं.

कारकुनाने रजिस्टर काढलं. बोटाने ओळ धरून वाचलं. वॉर्ड सात, खाट बारा, सकाळी अकरा दहा, कारण यकृत. "मेलेत. झालं समाधान?"

झालं. खरंच झालं. माझे पाय एकदम हलके झाले. सरकारी रजिस्टर आहे, वेळ आहे, खाट आहे. बॉयलरवाले म्हणाले, "चला, चहा घेऊ."

मी उगाच त्या ओळीकडे शेवटचं पाहिलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, देह ताब्यात घेणाऱ्याची सही. आणि सही होती.

अकरा वर्षं मी रोज ती सही हजेरीच्या कागदावर पाहिली आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळते आणि नावाखालून दोनदा जाते. दुसरी रेघ पहिलीपेक्षा जास्त जोरात, कागद फाटेल अशी. तीच सही. त्याचीच.

"ही सही त्याची आहे," मी म्हटलं.

"कुणाची?"

"मेलेल्याची."

कारकुनाने रजिस्टर स्वतःकडे वळवलं. "नाव सारखं दिसतंय. मुलगा असेल."

"मुलगा नाही त्याला."

"मग भाऊ असेल, पुतण्या असेल. घराण्यात सह्या सारख्या असतात. नाहीतर भरती होताना घेतलेली सही घाईत इथे उतरली असेल. होतं असं." त्याने रजिस्टर मिटलं. "मागे लोक आहेत, बाई. सरका."

भरती होतानाची सही. हो, हे पटण्यासारखं होतं. रस्त्यावर येईपर्यंत मी ते चार वेळा पटवून घेतलं. बॉयलरवाले बरोबर चालत होते. मग एकदम म्हणाले, "भरती होताना तो बेशुद्ध होता ना? मॅनेजर तसं म्हणाले होते."

"हे तुम्ही आत्ता सांगायलाच हवं होतं का?" मी म्हटलं.

५

त्याची बायको तिसऱ्या मजल्यावर राहते. गुरुवारी कामावरून सुटल्यावर उन्हं असतानाच गेले. मी कडी वाजवायला हात उचलला आणि आतून चार बोल्ट सरकल्याचे आवाज आले, एकापाठोपाठ एक. दार उघडलं. बारीकशी बाई, डोळ्यांखाली काळं. मला तिने ओळखलं. चौकशीच्या वेळी ती कोपऱ्यात बसायची. मला वाटलं शिव्या घालेल. माझ्यामुळे तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती.

तिने माझा हात धरून मला आत ओढलं.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "मीच येणार होते तुमच्याकडे. तुम्ही पाहिलंत ना त्यांना? नक्की गेलेत ना?"

"मी कशी पाहीन? तुम्ही घरच्या. तुम्ही नाही पाहिलं?"

"मी गेलेच नाही." ती खाली बसली. "वीस वर्षं सोसलं, बाई. हॉस्पिटलातून निरोप आला तेव्हा मी म्हटलं, मी येणार नाही, तुम्हाला काय करायचं ते करा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, घेऊन गेले. मी म्हटलं कोण? तर म्हणाले, कारखान्यातला माणूस आला होता, सही करून घेऊन गेला. मला वाटलं तुम्ही लोकांनीच... राग विसरून..."

"आमच्यातलं कुणी गेलं नाही."

"कुणीच?"

"शपथ घेतली होती आम्ही."

मला इतकी चीड आली की सांगता येत नाही. तिची, माझी, त्या शपथेची. एका माणसाचा आपण एवढा द्वेष केला की त्याला शेवटचं बघायलासुद्धा कुणी गेलं नाही. आणि आता कुणाला विचारणार?

घर लहान आणि नीटनेटकं होतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पंखा बंद होता. मी सहज विचारलं, "हे चार बोल्ट कशाला?"

"आधी एकच होता," ती म्हणाली. "मी झोपताना लावायची. सकाळी उघडलेला असायचा. मग दुसरा बसवला. मग आणखी दोन." तिने ओट्याकडे बोट दाखवलं. ओट्यावर पुसायचं फडकं होतं, ओलं, जुनं, पण चार घड्या घालून कडेला कड जुळवून ठेवलेलं. "हे मी नाही करत. मला अशी घडी येतच नाही. त्यावरून किती मार खाल्लाय मी."

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला. शेजारच्या घरातला असेल. भिंती पातळ होत्या.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली आणि त्या दाराकडे पाठ करून बसली. "तुम्ही बघता का आत जाऊन? माझ्याच्याने होत नाही."

मी नाही बघितलं. मी म्हटलं मला उशीर होतोय. हा शब्द तोंडातून गेल्यावर ती अशी दचकली की मी चपला हातात घेऊनच जिना उतरले.

६

शुक्रवारी सकाळी कामावर जाताना मी नवंकोरं कुलूप विकत घेतलं. दुकानदाराने पाकीट माझ्यासमोर फोडलं. दोन किल्ल्या, दोन्ही दोऱ्यात ओवून मी गळ्यात घातल्या. तिसरी किल्ली जगात नाही.

सफाई जेवणाच्या सुट्टीत करतात, कारण तेव्हा सगळी मशिनं बंद असतात. मंडळी डबे घेऊन मागच्या खोलीत गेली. लेक हातात खरवडणी घेऊन आली, कुलूप खिशातून काढलं.

"ते नको," मी म्हटलं. "माझं लावू."

"आई, नियम काय आहे? आत जाणाऱ्याचं कुलूप."

"तुझं जुनं आहे. त्याच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतील देव जाणे."

"कुणाकडे? मेलेल्या माणसाकडे?" ती हसली. "तू ना, त्याला जिवंतपणी घाबरली नाहीस. एकटी उभी राहिलीस सगळ्यांसमोर. आणि आता नॅपकिनला घाबरतेस."

"जास्त शहाणपणा नको. मी दांड्यापाशी उभी राहते. हात काढत नाही. तुझी आई आहे मी, भरवसा आहे ना?"

"तो आहेच गं," ती म्हणाली. तिने आपलं कुलूप परत खिशात टाकलं.

मी दांडा खाली ओढला, कुलूप लावलं, तीनदा हिसका देऊन पाहिलं आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. तिथून ड्रमचं तोंड दिसत नाही, मध्ये खांब येतो. फक्त आवाज येतो. खरवडण्याचा. खर्र, खर्र. थांबणं. परत खर्र.

"आई, इथे किती साचलंय बघ!"

"बघायला काय मी तिथे आहे? काम कर."

खर्र, खर्र. पाइपातून थेंब पडत होता. मागच्या खोलीत कुणीतरी डब्याचं झाकण पाडलं आणि सगळे हसले. मला वाटलं, किती मूर्ख आहोत आपण. सहीचं काय, फडक्याचं काय, बाईचं डोकं ठिकाणावर नाही आणि माझंही.

मग लेक म्हणाली, "आई, बाजूला हो ना. उजेड अडतोय."

मी खांबामागेच होते. दहा पावलांवर.

"कोण आहे तिथे?" मी ओरडले.

"काय?" तिचा आवाज घुमत आला. "सरक म्हणतेय तुला."

"मी इथे आहे! दांड्यापाशी! बाहेर ये आधी!"

मग ती वैतागून म्हणाली, "अगं येते, पण हात तर सोड माझा."

मी दांडा धरून उभी होते. सोडला तर कुलूप एकटं पडणार, आणि नाही सोडला तर ती तिथे एकटी नव्हती. काय करायचं असतं अशा वेळी? कुठल्या नियमात लिहिलंय? मी दांडा सोडला आणि धावले.

७

ड्रमच्या तोंडाशी कुणी नव्हतं. मी आत हात घातला, लेकीचा खांदा सापडला, तो धरून तिला खेचून बाहेर काढलं. ती ओल्या फरशीवर आपटली, "आई गं, काय करतेस!" म्हणाली. तिच्या मनगटावर चार बोटांचे पांढरे ठसे होते.

तेव्हाच मी आत पाहिलं. ड्रमच्या मागच्या बाजूला अंधार असतो. त्या अंधारात कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, गुडघे पोटाशी घेऊन, पांढऱ्या शर्टात. एवढंच. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ.

मी दार आदळलं आणि चाक फिरवून घट्ट केलं.

"आत कोण होतं?" लेक म्हणाली.

"कोणी नाही."

"मग दार का लावलंस?"

मी खांबाकडे निघाले होते. तिला कळलं. ती उठून माझ्या मागे आली, माझी बाही धरली. "आई, थांब. आत माणूस आहे. मी आवाज ऐकला. कुणीतरी आपल्यातलं असेल, थांब, आधी विचारू तरी!" आतून दारावर थाप पडली. एक, मग लगेच दुसरी. आमच्यात त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे: मी आत आहे.

मी लेकीला ढकललं. आयुष्यात मी तिच्यावर हात उगारला नव्हता. गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, दांडा वर केला.

ड्रम फिरायला लागला. रिकाम्या ड्रमचा आवाज मला माहीत आहे. ओल्या चादरींचाही माहीत आहे. हा दोन्ही नव्हता. प्रत्येक फेरीला काहीतरी वर जात होतं आणि खाली पडत होतं. मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. दर वेळी ते खाली पडलं की मला जास्त बरं वाटत होतं.

बॉयलरवाल्यांनी येऊन दांडा खाली ओढला. सगळे तोंडातला घास तसाच ठेवून धावत आले होते. ड्रम हळू होत थांबला.

"आत कोण आहे?" बॉयलरवाल्यांनी विचारलं.

"फोरमन," मी म्हटलं. "मी पाहिलं. आता विचारा, कुणी पाहिलं म्हणून. मी पाहिलं!"

मग बॉयलरवाले बोटाने माणसं मोजायला लागले. मावशी, घड्यांवरच्या दोघी, पॅकिंगवाला, मॅनेजर, लेक, मी. परत पहिल्यापासून मोजलं.

"ड्रायव्हर कुठे आहे?"

"तो फेरीवर गेलाय ना," मॅनेजर म्हणाले.

"गाडी तर बाहेर उभी आहे," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, तो चहाला गेला असेल. मी म्हटलं, तीन नंबरला दुसरीकडून वाटच नाही, लेक तोंडाशी असताना तो आत शिरेल कसा? कुणीतरी म्हणालं, मागची गाळ काढायची मोठी झडप उघडी असली तर माणूस शिरू शकतो, दोघं लागली तर काम लवकर होतं म्हणून शिरला असेल. मी म्हटलं, अहो मी पाहिलंय त्याला, पांढरा शर्ट होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ड्रायव्हरने सकाळी काय घातलं होतं ते आठवायचा मी प्रयत्न करत होते आणि मला आठवत नव्हतं.

लेक भिंतीला धरून उठली. कोपर सोललं होतं. तिने खिशातून आपलं कुलूप काढलं, दांड्याच्या भोकात अडकवलं, ओढून पाहिलं आणि किल्ली मुठीत धरली.

"काका," ती बॉयलरवाल्यांना म्हणाली, "तुम्ही इथे उभे राहा. आईला दांड्याजवळ येऊ देऊ नका."

"अगं, मी तुझ्यासाठीच..." मी म्हटलं.

तिने ऐकलं नाही. बॉयलरवाले माझ्या आणि दांड्याच्या मध्ये येऊन उभे राहिले, मान खाली घालून. लेक ड्रमपाशी गेली आणि दाराचं चाक उलटं फिरवायला लागली. ते घट्ट बसलं होतं, मीच बसवलं होतं. दोन वर्षं मी रोज त्या माणसाच्या मरणाची वाट पाहिली, आणि आता चाक अर्ध्यावर आलं असताना मी हात जोडून एकच मागत होते की आत फोरमनच असू दे.